मॅट्रिक्सची पट्टी रुजते कशी आणि बिघडते कुठे

स्तन काढल्यावर त्याच जागी इम्प्लांट बसवायचं तर त्याला खालून आधार कोण देणार, हा या शस्त्रक्रियेतला जुना प्रश्न. छातीचा मोठा स्नायू इम्प्लांटचा वरचा भाग झाकतो. खाली आणि काखेच्या बाजूला तो पुरत नाही. तिथे इम्प्लांट पातळ त्वचेखाली उघडंच राहतं, घसरतं किंवा बाजूला सरकतं. २००५ मध्ये बॉस्टनच्या ब्रूइंग आणि वॉरन या सर्जननी स्नायूची खालची कड आणि स्तनाखालची घडी यांच्यामध्ये एडीएमची पट्टी झोळीसारखी शिवून एकाच टप्प्यात इम्प्लांट बसवण्याची पद्धत मांडली. ती वेगाने पसरली.

एडीएम (अ‍ॅसेल्युलर डर्मल मॅट्रिक्स) म्हणजे पेशी काढून टाकलेली कातडी. मृत दात्याची, डुकराची किंवा गाईच्या पोटातल्या वासराची. वरचा थर काढायचा, पेशी धुऊन टाकायच्या, उरतो कोलॅजनचा सांगाडा. जाडी साधारण १ ते २ मिलिमीटर. झोळीसाठी ६ × १६ किंवा ८ × १६ सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. स्नायूच्या वर इम्प्लांट ठेवून ते पूर्ण गुंडाळायचं असेल तर बरीच मोठी शीट लागते, आणि खर्चही तसाच वाढतो.

या शीटला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. वरच्या त्वचेतून बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात तेव्हाच ती रुजते, आणि त्याला काही आठवडे लागतात. तोवर तिच्यात रक्त पोचत नाही, म्हणजे पांढऱ्या पेशी पोचत नाहीत आणि शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही पोचत नाही. पुढच्या बहुतेक गुंतागुंती याच आठवड्यांत मूळ धरतात.

त्वचेपासून सुरुवात करू, कारण रक्त तिच्याकडूनच येणार आहे. स्तन काढताना त्वचेखालची चरबी फार खरवडली गेली की जखमेची कड काळी पडते आणि खालची शीट उघडी पडते. इंडोसायनिन ग्रीन हा रंग शिरेतून देऊन खास कॅमेऱ्याखाली त्वचा पाहिली तर कुठला भाग उजळत नाही ते टेबलावरच दिसतं. शंका आली तर मोठं इम्प्लांट दाबून बसवायचा मोह सोडावा, एक्सपांडर (नंतर हळूहळू पाणी भरून फुगवायची तात्पुरती पिशवी) ठेवून त्यात पाणी कमी भरावं किंवा त्या दिवशी काहीच बसवू नये. धूम्रपान, ३० च्या वरचा बीएमआय, मधुमेह, आधी झालेलं रेडिएशन आणि मोठे, जड स्तन, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकाच पेशंटमध्ये असतील तर आमच्या मते एका टप्प्याचा हट्ट धरूच नये.

हे मत हवेतलं नाही. नेदरलँड्समधल्या ८ हॉस्पिटलांत ब्रिओस नावाची चाचणी झाली; निकाल २०१७ मध्ये आले. एका गटात डुकराच्या कातडीची स्ट्रॅटिस शीट आणि एकाच टप्प्यात इम्प्लांट, दुसऱ्यात शीट न वापरता एक्सपांडर आणि मग इम्प्लांट. पहिल्या गटात ४६ टक्के स्त्रियांना शस्त्रक्रियेशी संबंधित गुंतागुंत झाली, दुसऱ्यात १८ टक्के. पुन्हा ऑपरेशन ३७ विरुद्ध १५ टक्के. पुढे पाहिलेल्या जीवनमानात आणि समाधानात मात्र फरक आढळला नाही. इथे एक गोष्ट विसरू नये: एका गटात शीट होती, दुसऱ्यात नव्हती, आणि टप्पेही वेगळे, त्यामुळे सगळं खापर एकट्या शीटवर फोडता येत नाही. २०१९ च्या ब्रिटनमधल्या आयब्रा पाहणीत २१०८ स्त्रिया होत्या, पद्धती निरनिराळ्या. तीन महिन्यांत ९ टक्क्यांचं इम्प्लांट काढावं लागलं आणि २५ टक्क्यांना संसर्ग झाला. तिथलं ठरवलेलं मानक होतं ५ टक्क्यांच्या आत इम्प्लांट गमावणं.

दुसरा शत्रू पाणी, म्हणजे सिरोमा. शीट आणि त्वचा यांच्यामध्ये द्रव साचला की दोघांचा स्पर्श तुटतो, रक्तवाहिन्या ओलांडू शकत नाहीत, आणि तो कोमट द्रव जंतूंना आयता मिळतो. म्हणून शीट सुरकुती न पडता ताणून बसली पाहिजे. ढिली पट्टी म्हणजे द्रवाला दिलेली खोली. काही सर्जन शीटला छिद्रं पाडतात, म्हणजे द्रव एका बाजूला अडकत नाही. बाजूही उलटी लागता कामा नये. मानवी कातडीच्या काही शीटना दोन वेगळ्या बाजू असतात: रक्ताचा थेंब लावून धुतला तर एक बाजू लाल राहते, दुसरी फिकट होते. लाल राहणारी बाजू त्वचेकडे हवी.

साचणारा द्रव बाहेर काढायला नळ्या, म्हणजे ड्रेन, साधारण दोन ठेवतात. बाहेर येण्यापूर्वी नळी त्वचेखालून काही सेंटिमीटर फिरवून आणली तर जंतूंची वाट लांबते. रोज ठरलेल्या वेळी नळी वरून खाली पिळायची, टोकाच्या रबरी बल्बमधला द्रव मोजायचा, दोन्ही ड्रेनचे आकडे वेगळे लिहायचे, बल्ब दाबून हवा काढायची आणि मगच बूच लावायचं. सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलिच्या खाली आलं की ड्रेन काढायचा, हा सर्वसाधारण नियम. पण ६० वरून एका रात्रीत ५ वर आलं तर आनंद मानू नये. बहुधा नळीत गुठळी अडकलेली असते, आणि वहीत चांगला दिसणारा तो आकडा आत साठत असतो. उलट, आकडा खाली येईना म्हणून महिनाभर ड्रेन ठेवणंही वाईट, कारण नळी स्वतःच जंतूंची शिडी होते.

आता लालीबद्दल. रात्री फोन येतो तो बहुतेक वेळा याचसाठी. शीटवरची त्वचा लाल होते, ताप नाही, फारसं दुखत नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) ठीक, लाली बरोबर शीटच्या आकाराची आणि खालच्या अर्ध्या भागात. आडवं झाल्यावर फिकी पडते. अँटिबायोटिकने काही बदलत नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप जाते. हाच रेड ब्रेस्ट सिंड्रोम. पण हे निदान शेवटी करायचं असतं, आधी संसर्ग वगळून. पेनने लालीची कड आखा, वेळ लिहा, सोनोग्राफीत द्रव आहे का बघा, आणि २४ तासांनी तीच कड पुन्हा पाहा.

पाठ्यपुस्तकांतले फोटो गोऱ्या त्वचेचे असतात, ही इथली अडचण. सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसतच नाही. जागा नुसती गडद किंवा जांभळट वाटते. फोनवर पाठवलेल्या पिवळ्या उजेडातल्या फोटोत तर काहीच कळत नाही. दिवसाच्या उजेडात दुसऱ्या बाजूशी तुलना करावी आणि हाताच्या मागच्या बाजूने ऊब तपासावी. ऊब, ताण आणि दुखणं या तिन्ही गोष्टी वाढत असतील तर रंगाची वाट पाहू नये.

रेषेबाहेर पसरलेली लाली, ३८ अंश सेल्सियसच्या वरचा ताप किंवा सोनोग्राफीत द्रव असेल तर पेशंटला दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं. नेहमीचे आरोपी स्टॅफिलोकोकस आणि स्यूडोमोनास, म्हणून औषध दोघांनाही पुरेल असं हवं. द्रव असेल तर सोनोग्राफीखाली सुई घालून कल्चरला पाठवायचा, इम्प्लांटला धक्का न लावता. ४८ ते ७२ तासांत उतार पडला नाही तर ओटी, म्हणजे पुन्हा ऑपरेशन थिएटर. शीट रुजली असेल तर ती त्वचेच्या आतल्या बाजूला घट्ट चिकटलेली असते आणि कापल्यावर रक्त येतं. रुजली नसेल तर भिजलेल्या कागदासारखी बुळबुळीत सुटून हातात येते. अशी शीट ठेवून काही उपयोग नाही. तिच्यावर बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर असतो, तो धुऊन जात नाही.

केमो राहिलेली असेल तर इम्प्लांट वाचवण्याची जिद्द जपून वापरावी. वाचवण्याच्या प्रयत्नांत चार आठवडे गेले तर ते केमोच्या वेळापत्रकातून जातात, आणि मूळ दुखणं कॅन्सर आहे. काढून टाकून, जखम भरू देऊन, काही महिन्यांनी पाठीच्या किंवा पोटाच्या मांसाने पुनर्रचना करता येते.

सगळ्या शीट सारख्या नाहीत, हेही आता नोंदवलेलं आहे. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणांवरच्या नियामक संस्थेने कळवलं की शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांत फ्लेक्सएचडी आणि अ‍ॅलोमॅक्स या शीट वापरलेल्यांत इम्प्लांट काढणं, पुन्हा ऑपरेशन आणि संसर्ग यांचं प्रमाण सर्जीमेंड, अ‍ॅलोडर्म किंवा शीटच न वापरलेल्यांपेक्षा जास्त दिसलं. त्या वेळी यांपैकी कुठल्याच शीटला एफडीएची स्तनपुनर्रचनेसाठी म्हणून मंजुरी नव्हती.

संमतिपत्रावर सही घेताना शीट कशाची आहे हे मराठीत, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं: माणसाची, डुकराची की वासराची. ओटीच्या दिवशी सकाळी नव्हे, आधी. घरी विचारून यायला वेळ हवा असतो, आणि नको म्हणणाऱ्यांना पर्याय असतो. पाकीट उघडलं की त्यावरचं लॉट नंबरचं स्टिकर केसपेपरवर लावायचं आणि दुसरं पेशंटच्या फाइलमध्ये द्यायचं. पाच वर्षांनी तिथे कडक गाठ लागली आणि पुन्हा कॅन्सर आहे की जुनी शीट हे रेडिओलॉजिस्टला ठरवायचं असेल, तेव्हा ते स्टिकर हाताशी असलेलं बरं.