आमची वाटचाल : पट्टीपासून चकतीपर्यंत

आमच्या जागेला कारखाना म्हणणं जरा धाडसाचंच. पुण्यात पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या, स्क्रीन प्रिंटिंगची तीन टेबलं, एक कटिंग मशीन आणि आम्ही चौघं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, इथे पट्ट्या, कोनमापक आणि सरकत्या पट्टीवर गुणाकार-भागाकार करून देणारे स्लाइड रूल छापायला सुरुवात केली. १९७२ साली खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि बघता बघता स्लाइड रूल संपला. मग ड्रॉइंग संगणकावर गेलं, तेव्हा सेट-स्क्वेअर आणि फ्रेंच कर्व्हही गेले. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेच्या पट्ट्यांवर कसंबसं भागत होतं.

अशात एक दिवस एक वयस्क गृहस्थ कागदात गुंडाळलेली पिवळी पडलेली चकती घेऊन आले. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरशी त्यांचा जुना संबंध, उमेदीची काही वर्षं परदेशात ग्लायडर उडवण्यात गेलेली. "वहिनी, अशी एक करून द्याल का? ही रिव्हेटपाशी तडकलीय." दादांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हा आपला स्लाइड रूलच आहे की. गोल केलेला."

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. जी काही उंची हातात आहे तेवढंच भांडवल. ती उंची खर्च करत मैदानापर्यंत पोचता येईल का, हा वैमानिकाचा सततचा हिशेब. आज तो हिशेब पॅनेलवरचा कॉम्प्युटर करतो, किंवा मांडीला बांधलेला फोन. पण बारा व्होल्टची छोटी बॅटरी थंडीत दम टाकते, फ्यूज उडतो, आणि काचेच्या कॅनोपीखाली उन्हात तापलेला फोन स्वतःहून बंद होतो. वेगमापक आणि उंचीमापक हवेच्या दाबावर चालतात, त्यांना वीज लागत नाही. ते चालूच राहतात. जातो तो नकाशा आणि हिशेब. ती जागा आमची चकती भरते: अंतर आणि वारा लावला की किती उंची लागेल ते ती दाखवते.

हिशेब अवघड नाही. पाच लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे ५ किलोमीटर. शिकवण्यासाठी खूप ठिकाणी वापरलं जाणारं एएसके-२१ हे दोन आसनी ग्लायडर उत्तम परिस्थितीत १ मीटर उंचीत ३४ मीटर पुढे जातं. पण पंखाच्या कडेला किडे चिकटलेले असतात, वाटेत खाली जाणारी हवा लागते, म्हणून आम्ही २५ च धरतो. मग नकाशावरचा दर सेंटिमीटर २०० मीटर उंची खातो. ३० किलोमीटरला १२०० मीटर, वर उतरण्याआधीच्या फेरीसाठी राखीव ३००.

गंमत वाऱ्यात आहे. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने उडताना समोरून ताशी २५ चा वारा असेल तर १२०० चे १६०० होतात. तोच वारा पाठीमागून आला तर मात्र ९६०. म्हणजे विरुद्ध असताना ४०० ने वाढ, अनुकूल असताना २४० चीच सूट. मी गणितातली बीएस्सी, पण हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं. चकतीवर वाऱ्याच्या रेषा दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर नसतात, त्या यामुळे. आम्हाला "छपाई वाकडी झालीय" असं सांगणारे अजून भेटतात.

त्या गृहस्थांची चकती झाली, त्यांनी ती परदेशातल्या मित्रांना दाखवली, आणि इंग्लंडहून बारा नगांची ऑर्डर आली. ती पूर्ण खेप आम्ही वाया घालवली. तिथले ग्लायडरवाले उंची फुटांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी नॉटिकल मैलांत, मोजतात, हे मला कळलं होतं. म्हणून अंतर नॉटिकल मैलांत छापून मी मोकळी झाले. अंतर मात्र ते किलोमीटरमध्ये मोजतात! का, ते मला विचारू नका. त्यांच्या पदकांची अंतरंच ५०, ३०० आणि ५०० किलोमीटरची आहेत. नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. किलोमीटरचा आकडा त्या कड्यावर लावला की चकती लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट उंची मागे. चूक सुरक्षित बाजूची होती, एवढंच समाधान. बाराच्या बारा परत घेतल्या, टपालखर्च आमच्या बोकांडी. तेव्हापासून ऑर्डरच्या फॉर्मवर पहिला प्रश्न एककांचा असतो. जर्मनीला मीटर आणि ताशी किलोमीटर, सगळं सरळ. तिकडची ऑर्डर आली की मला हायसं वाटतं.

दुसरा धडा मालाचा. पहिल्या चकत्या पातळ पीव्हीसीच्या होत्या. उन्हात उभ्या ग्लायडरमध्ये राहिल्यावर त्या पापडासारख्या वळल्या. आता जाड पॉलिकार्बोनेट वापरतो आणि छपाई मागच्या बाजूने उलटी करतो, म्हणजे बोटांनी आकडे झिजत नाहीत. मागे पांढऱ्याऐवजी फिका पिवळा थर देतो. पांढरा उन्हात डोळ्यांवर येतो.

बाकीच्या सुधारणा मला खुर्चीत बसून सुचल्या नसत्या. त्या गृहस्थांनी हट्टाने मला हडपसरला दोन आसनी ग्लायडरमध्ये बसवलं. विंचने, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, दोर ओढला आणि जमीन पायाखालून काढून घेतल्यासारखी गेली. दोर सुटल्यावर शांतता, नुसती वाऱ्याची शीळ. समोर काचेवर चिकटवलेला लोकरीचा एक तुकडा फडफडत होता. विमान तिरकं सरकतंय की सरळ, हे सांगणारं ते सगळ्यात स्वस्त यंत्र. राइट बंधूही आपल्या ग्लायडरवर अशीच दोरी लावत. ते उड्डाण काही मिनिटांचंच होतं. तेवढ्यात मैदानापासून लांब कोणी जात नाही, म्हणजे चकतीची गरजही नव्हती. पण मी ती हातात धरली होती आणि मला कळलं की उजवा हात स्टिकवर, म्हणजे विमान चालवायच्या दांड्यावर, असतो. चकती डाव्या अंगठ्याने, एकट्या हाताने फिरली पाहिजे. घरी आल्यावर कडेला खाच पाडली. पितळी रिव्हेट इतका घट्ट केला की चकती धक्क्याने फिरणार नाही, पण अंगठ्याला दाद देईल. हा घट्टपणा मशीनने जमत नाही, आमचे एक जुने कारागीर हाताने ठोकतात. नाडीसाठी भोकही त्याच दिवशी आलं, कारण सुटी वस्तू सीटखाली घरंगळून कंट्रोलमध्ये अडकली तर फोन बंद पडण्यापेक्षा मोठं संकट.

नंतर व्हॅरिओमीटरभोवती, म्हणजे विमान किती वेगाने वर चढतंय किंवा खाली येतंय ते दाखवणाऱ्या यंत्राभोवती, बसवायचं मॅकक्रेडी कडं करायला घेतलं. १९५६ साली फ्रान्समधली जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या पॉल मॅकक्रेडींच्या नावाचं. पुढच्या थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, किती चढ मिळेल त्या आकड्यावर बाण लावायचा, आणि व्हॅरिओची सुई कड्यावर ज्या वेगासमोर थांबेल त्या वेगाने जायचं. प्रत्येक ग्लायडरचं आणि प्रत्येक डायलचं कडं वेगळं. त्यामुळे गिऱ्हाइकाकडून डायलचा सरळ समोरून काढलेला फोटो आणि त्या ग्लायडरच्या पुस्तिकेतला वेग-घसरणीचा आलेख आल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. धंद्याच्या दृष्टीने हे काम तोट्याच्या काठावरच आहे. मला तेच सगळ्यात आवडतं.

परदेशी पार्सलवर काय लिहायचं हा बरेच दिवस घोळ होता. 'विमानाचा भाग' लिहिलं की कागदपत्रांचा डोंगर. शेवटी सीमाशुल्काच्या यादीत ९०१७ क्रमांकाखाली स्लाइड रूलच्या शेजारीच गणिती चकत्यांचा उल्लेख सापडला. दादांना वाचून दाखवला तेव्हा ते कितीतरी वेळ हसत होते.

सध्या काम चालू आहे ते अक्षरांच्या आकाराचं. आमची बरीच गिऱ्हाइकं साठीपुढची आहेत आणि आकाशात चष्मे बदलायला दुसरा हात मोकळा नसतो. पुढच्या खेपेपासून आकडे दीडऐवजी अडीच मिलिमीटरचे. चकती त्यामुळे थोडी मोठी होणार; शर्टाच्या खिशात मावते का, हे या आठवड्यात चार वेगवेगळ्या शर्टांवर पाहायचं आहे.