कोंडाईबारीच्या चढावर

प्रभू येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार झाला की नवापूरहून निघायचे आणि पेंटेकॉस्टच्या, म्हणजे प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, रविवारी धुळ्याला पोहोचायचे, अशी आमची वारी. मधले दिवस म्हणजे प्रेषित माडीवर प्रार्थनेत थांबले होते तेच. नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, त्याच नऊ दिवसांतून आली. यंदा वाटेवरच्या चिंतनाला एकच विषय होता, श्वास. पेंटेकॉस्टचा सोसाट्याचा वारा सगळ्यांना आठवतो. मला त्याच्या सात आठवडे आधीची संध्याकाळ जास्त जवळची वाटते. शिष्य भीतीने दारे लावून बसले होते आणि उठलेल्या प्रभूने त्यांच्यावर नुसती फुंकर घातली. पवित्र आठवड्यात बिशप तेलाला आशीर्वाद देताना पात्रावर फुंकर घालतात ती याच फुंकरीच्या नात्यातली. तेच तेल मग गावोगावच्या बाप्तिस्म्याला डोक्यावर आणि दृढीकरणाच्या संस्काराला कपाळावर लागते.

चिंचपाडा मागे पडले. विसरवाडीचे एवढेच आठवते की रात्रभर पान हलले नाही.

मे महिन्यात खान्देशात चालायचे तर पहाटे साडेतीनला निघावे आणि नऊच्या आत सावली गाठावी. सपाटीवरचा हिशेब सोपा आहे. तीन पावले श्वास आत: प्रभू, येशू, ख्रिस्ता. चार पावले बाहेर: मज, पाप्यावर, दया, कर. एका पावलाला एक शब्द, मनातल्या मनात. तोंड मिटलेले, श्वास नाकाने. नाकात धूळ अडते आणि घसा कोरडा पडत नाही. ही प्रार्थना पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांतली. सिनायचे संत योहान क्लायमॅकस यांनी सातव्या शतकात सांगितले की येशूचे स्मरण श्वासाला जोडलेले असू द्या. पुढे ग्रीसमधल्या आथोस डोंगरावरच्या साधूंनी तिला बसण्याची आणि श्वासाची रीत दिली, आणि चौदाव्या शतकात धर्मपंडित ग्रेगरी पालामास त्यांच्या बाजूने उभे राहिले. नामस्मरणात वाढलेल्या मराठी माणसाला यात परके काही वाटू नये.

कोंडाईबारीचा घाट लागला की हा हिशेब मोडतो. तिथे दोन आत, तीन बाहेर: येशू, ख्रिस्ता, माझ्यावर, दया, कर. पावले आखूड, टाच पूर्ण टेकलेली, खांदे सैल. चूक बहुतेकांची एकच होते. दम लागला की माणूस वरच्या वर हवा ओढत राहतो. छाती आधीच भरलेली असते, नवी हवा शिरायला जागा नसते आणि धाप वाढत जाते. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते ती सहसा प्राणवायू संपल्यामुळे होत नाही. रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू पाहतो, त्याची ती तगमग असते. म्हणून घाटात सांगायचे ते फक्त "सोडा". पोट आत घेऊन, ओठ थोडे मिटून, सावकाश पूर्ण सोडा. आत घेण्याचे शिकवावे लागत नाही, तो आपसूक येतो.

माझ्या मते प्रार्थनेतही हाच क्रम खरा आहे. आधी पापकबुली, मग कृपा. कोरडेपणाची तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. प्रवचने ऐकतात, उपास करतात, आणखी आणखी आत ओढतात. पण भावाशी धरलेला अबोला, शेताच्या बांधावरून साठवलेला राग तसाच छातीत असतो. साठवून ठेवता येईल असा श्वास नाही. कालचा आज चालत नाही, आणि तो आपण कमावलेलाही नाही. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात मातीचा माणूस घडवून झाला होता. देवाने नाकपुड्यांत फुंकल्यावर तो जिवंत झाला. यहेज्केल संदेष्ट्याने दृष्टान्तात पाहिलेल्या सुक्या हाडांच्या खोऱ्यात तर हाडे जुळली, स्नायू चढले, कातडीही आली, तरी श्वास नव्हता. तो चारी दिशांच्या वाऱ्यांतून वेगळा बोलवावा लागला. वारीत टोप्या, फलक, जेवणाच्या पाळ्या सगळे नीट लागलेले असते आणि कुणी कुणाशी धड बोलत नाही, तेव्हा मला ते खोरे दिसते.

मागच्या गाडीवर कर्णा होता. घाटातच वरच्या पट्टीत भजन सुरू झाले आणि माझे डोके फिरले. चढावर गायचे तर पट्टी दोन स्वर खाली घ्यावी आणि ओळ अर्धी तोडावी. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी ओढायचे. मंडळी गातात तेवढ्यात म्हणणाऱ्याला श्वास मिळतो, तो म्हणतो तेवढ्यात मंडळींना. सगळ्यांनी एकदम गायले की दोनशे पावलांत ओळ फाटते आणि म्हातारी माणसे मागे पडतात. "प्रत्येक प्राणी परमेशाचे स्तवन करो" हे स्तोत्र दीडशेचे शेवटचे वचन. ते म्हणायला आधी श्वास शिल्लक हवा. कर्णा बंद झाला आणि पुढच्या वळणावर घाटातले पक्षी ऐकू आले. राग तिथेच विरघळला.

दहिवेलच्या पुढे डाव्या टाचेला फोड आला. पाण्याचा फोड सोलू नये. लहान असेल तर कापसाची कडी करून वर चिकटपट्टी लावावी, दाब फोडावर न येता कडेला येतो. तणतणलेला असेल तर स्पिरिटने पुसलेली सुई कडेला, खालच्या अंगाला टोचावी, पाणी दाबून काढावे, कातडी तशीच राहू द्यावी. दोरा आत ठेवायची जुनी सवय आहे, ती सोडावी. दोऱ्यावाटे पू होतो. मधुमेह असेल तर सुई लावूच नये, डॉक्टरकडे जावे. फोडाचे एक वाईट आहे: टाच टेकताना माणूस नकळत श्वास धरतो. श्वास धरला की पोटरी ताठते, पाऊल वाकडे पडते आणि दुसऱ्या पायालाही फोड येतो. म्हणून दुखऱ्या पावलावरच श्वास सोडायचा, कण्हत सोडला तरी चालेल. आपल्याला प्रार्थना करता येत नाही तेव्हा आत्मा शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असे संत पौलाने रोमकरांस पत्रात लिहिले आहे. त्या दुपारी "प्रभू येशू ख्रिस्ता" एवढेसुद्धा निघत नव्हते.

साडेदहा वाजून गेले होते, झळा सुरू झाल्या होत्या. निंबाखाली शेळ्या घेऊन एक आजी बसली होती. मी पाण्याच्या बाटलीला तोंड लावले तशी तिने हाताने थांबवले.

"बठ भाऊ. पहिले दम खाय, मंग पानी."

पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून दिला. श्वास बसेपर्यंत तिने पाणी पिऊ दिले नाही. धापा टाकत गटागट प्यायले की ठसका लागतो, पोटात कळ येते. मग घोट घोट, मधे थांबून.

"वणीले चालनात का?"

"नाही आजी, धुळ्याला. चर्चला."

"मंग ती बी देवनीच वाट शे."

एवढे बोलून ती शेळ्यांकडे वळली. ऊन उतरेपर्यंत तिथेच होतो. मे महिन्यातली निंबाची सावली आणि तिची ती सक्ती, दोन्हींबद्दल देवाचे आभार मानले.

साक्री, नेर, कुसुंबा. नेरला पांझरा कोरडी.

एक धोका सांगायला हवा. श्वास मोजून मोजून जोरात घेतला तर ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार कमी झाल्याचे ते लक्षण. तो आत्म्याचा स्पर्श नव्हे. मोजणे सोडावे, नेहमीसारखा श्वास घ्यावा, थोड्या वेळात उतरते. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापून कोरडे पडले, तर तो उष्माघात आहे. सावलीत निजवावे, कपडे सैल करून अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. प्रार्थना गाडीत करता येते.

धुळ्याची उपासना भरून पार पडली.

दमा असलेल्यांनी घाटाचा टप्पा गाडीतूनच करावा, आणि पंप पिशवीत न ठेवता वरच्या खिशात ठेवावा. दम्यात हवा बाहेर पडायलाच जास्त अडते. अशांनी प्रार्थनेचे बाकीचे शब्द गाळावेत. सोडताना "दया कर". आत घेताना काहीच म्हणू नये.