दुधाच्या वहीतील ड्रेनच्या नोंदी

डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली आणि शौच पांढरट होऊ लागले, तेव्हा साधी कावीळ समजून आम्ही तीन आठवडे गावठी औषधावर घालवले. परभणीत सोनोग्राफी केल्यावर स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असल्याचे कळले. छत्रपती संभाजीनगरला एंडोस्कोपीने पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे पित्ताला वाट करून देणारी छोटी नळी, बसवला आणि कावीळ उतरल्यावर व्हिपल शस्त्रक्रिया झाली. तीत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय व पित्तनलिकेचा काही भाग काढून टाकतात आणि उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका व जठर पुन्हा आतड्याला जोडतात. यांतला स्वादुपिंडाचा जोड सर्वांत नाजूक असतो, कारण ग्रंथी मऊ असली की टाके नीट धरत नाहीत, हे सर्जनांनी आधीच सांगितले होते.

शस्त्रक्रियेत पोटात ड्रेन, म्हणजे आतले पाणी बाहेरच्या पिशवीत आणणारी नळी, ठेवला होता. तिसऱ्या दिवशी त्या पाण्यातील अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातील एक एन्झाइम, रक्तातील सामान्य मर्यादेच्या तिपटीहून पुष्कळ जास्त आले, म्हणजे जोडातून रस पाझरत होता. बहुतेकदा तो आपोआप थांबतो, म्हणून ड्रेन तसाच ठेवला. माझ्या पत्नीने घरून आणलेल्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत सकाळ-संध्याकाळ किती मिलीलीटर आले आणि रंग कसा होता, हे लिहायला सुरुवात केली.

नवव्या दिवशी मला हुडहुडी भरली. दात वाजत होते, तरी मी पांघरूण डोक्यावर ओढून गप्प पडून राहिलो, कारण दोन दिवसांवर पोळा होता आणि बैलांच्या अंगावर झूल घालायला मला घरी पोहोचायचे होते. ती माझी मोठी चूक होती. पत्नीने मात्र पिशवी उजेडात धरून पाहिली. आदल्या दिवशीपर्यंत पिवळसर आणि पातळ असलेले पाणी आता डाळीच्या धुवणासारखे गढूळ झाले होते व त्याला वास येत होता. ती वही घेऊन सिस्टरांकडे गेली. ताप १०२ निघाला. सीटी स्कॅनमध्ये जोडाजवळ पू साठलेला दिसला, तेव्हा सोनोग्राफीत पाहत कातडीतून बारीक नळी, पिगटेल, घालून तो बाहेर काढला.

पुवाच्या कल्चरचा, म्हणजे त्यात कोणता जिवाणू आहे हे पाहणाऱ्या तपासणीचा, अहवाल तीन दिवसांनी आला. जिवाणू क्लेबसिएला होता आणि नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स त्याच्यावर निकामी होती. स्टेंटमुळे आतड्यातील जिवाणू पित्तात शिरून तिथे ठाण मांडतात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात उतरू शकतात, असे डॉक्टरांनी समजावले. मेरोपेनेम हे दुसरे अँटिबायोटिक सुरू झाले आणि चौथ्या दिवशी ताप उतरला. पाझरलेला रस आणि पू यांनी जवळची रक्तवाहिनी कुरतडली तर जीवघेणा रक्तस्राव होतो, म्हणून पिशवीत लाल रंग दिसताच तत्काळ हाक मारा, असे बजावले होते. त्या रात्री आम्ही दोघेही झोपलो नाही. जठर रिकामे होत नसल्याने उलट्या होत होत्या, तेव्हा आतड्यात घातलेल्या नळीतून पातळ आहार दिला जाई. गाठ कर्करोगाची असल्याने पुढे द्यायची केमोथेरपीही या संसर्गामुळे लांबली.

शस्त्रक्रियेपूर्वी सह्या घेतलेले कागद इंग्रजीत होते. थंडी वाजली तर ताबडतोब सांगा, एवढे एक वाक्य मराठीत मोठ्या अक्षरांत खाटेजवळ लावले असते, तर मी ते लपवले नसते असे मला मनापासून वाटते.

पिगटेलसह मी घरी आलो. जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल घेत मऊ भाकरी पचू लागली. सहा आठवड्यांनी नळी निघाली. वहीतील ड्रेनची शेवटची नोंद ‘सकाळी ५ मिली, स्वच्छ’ अशी आहे.