भजनमेळ्याआधीची बैठक

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार आला की त्याच्या आदल्या शनिवारी आमच्या मंडळीचा भजनमेळा भरतो. नगर जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवरून दुपारपासूनच टेम्पो, जीप, मोटारसायकली यायला लागतात. चर्चच्या आवारात मांडव, मागच्या बाजूला चुलाणावर हुलग्याच्या शेंगोळ्यांचं मोठं पातेलं आणि भाकऱ्या थापणाऱ्या बायकांची रांग. रात्री उशिरापर्यंत एकेका गावची मंडळी गाते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची मिळून एकच उपासना होते.

मला त्या मेळ्याइतकीच, खरं तर जरा जास्तच, त्याच्या आधीची बैठक प्रिय आहे. दिवाळी सरली की एका संध्याकाळी पाळकसाहेबांच्या ओसरीवर सतरंजी पडायची. रविवारच्या उपासनेत काय गायचं ते तिथे ठरायचं. मेळ्यात प्रत्येक गाव आपल्या हौसेचं गाई, त्याला कोणाची आडकाठी नव्हती. रविवारचं मात्र सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आम्ही पोरं पाणी द्यायच्या निमित्ताने तिथे घुटमळायचो, आणि पुढे मोठे झाल्यावर सतरंजीवर बसायला लागलो.

बैठकीच्या पहिल्या अर्ध्या भागात पेटी बाहेर काढायची नाही, असा रिवाज होता. पाळकसाहेब आधी त्या रविवारचा शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचून दाखवत. बहुतेक वेळा यशयाचा चाळिसावा अध्याय असे, लोकांचं सांत्वन करा म्हणणारा. मग कोणीतरी गीत सुचवायचं आणि आमच्या आत्या, ज्यांनी मुलींच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं होतं, ते गीत चालीशिवाय, नुसतं वाचून दाखवायच्या. सावकाश, प्रत्येक कडवं. चाल काढून घेतली की काही गीतं उभी राहायची आणि काही बसायची. एखाद्यात ‘मी, माझं, मला’ याखेरीज काहीच उरत नसे. एखाद्याचं तिसरं कडवं ऐकून सगळे गप्प होत आणि पाळकसाहेब वहीत क्रमांक लिहून घेत. आत्मा गाऊ दे आणि बुद्धीही गाऊ दे, हे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं होतं. त्याचा अर्थ मला आत्यांच्या त्या वाचनातून कळला.

चालींवरून वाद रंगायचे. एका वर्षी तरुण संघाने सिनेमाच्या चालीवरचं गीत आणलं. शब्द चांगले होते. पण ती चाल ऐकली की डोळ्यांपुढे पडद्यावरचं नाचगाणंच येई, आणि पापांगीकारानंतर, म्हणजे सगळ्यांनी मिळून पापांची कबुली दिल्यावर, ते गायचं म्हणजे मनाची ओढाताण. मंडळीच्या वडीलजनांपैकी एकांनी लगेच दुसरी बाजू मांडली. एकोणिसाव्या शतकात नगरला ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं, कृष्ण रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवींनी देशी चालींवर पदं रचली, त्याही चाली लोकांच्या कानावरच्याच होत्या की. मग आज का नको? मला अजूनही वाटतं की हा प्रश्न रास्त होता आणि बैठकीने काढलेला तोडगाही: ते गीत शनिवारी मांडवात गायलं गेलं, रविवारी नाही. चालीला चिकटलेली जुनी ओळख गळून पडायला वेळ लागतो. तोवर तिला प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी आणू नये.

नारायण वामन टिळकांचं नाव निघाल्याशिवाय बैठक पुरी होत नसे. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढची कितीतरी वर्षं त्यांनी नगर आणि राहुरीच्या परिसरात काढली आणि 1919 मध्ये ते गेले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की सर्वांत जास्त गीतं त्यांचीच सापडतात. त्यांनी अभंग आणि ओवी चर्चमध्ये आणली, याचं मोल मला मेळ्यात दिसायचं. अभंगात पुढचा गातो, मागचे उचलतात, धृपद पुन्हा पुन्हा येतं. ज्या आजीला अक्षरओळख नव्हती तीसुद्धा दुसऱ्या फेरीला गात असे. पुस्तक हातात नसलेल्या माणसाला उपासनेत घेणारी यापेक्षा चांगली रचना मला माहीत नाही.

इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीतंही आमची लाडकी होती. पायपेटीवर ती वाजली की चर्च भरून जाई. त्यांची अडचण वेगळी. इंग्रजी चालीचा जोर जिथे पडतो तिथे मराठीचं दीर्घ अक्षर असेलच असं नाही, आणि मग ऱ्हस्व अक्षर उगाच ताणलं जातं. ज्या गीतात ही सांधेजोड नीट झाली आहे ती निवडायची, एवढाच आमच्या पेटीमास्तरांचा आग्रह असे.

पेटीमास्तरांचा दुसरा आग्रह पट्टीचा. ते म्हणायचे, गाणाऱ्याचा गळा बघू नका, शेवटच्या बाकावरच्या म्हातारीचा बघा. गीत तार सप्तकाच्या गंधाराला जात असेल तर पट्टी उतरवा, उतरवून खाली खर्जात बुडत असेल तर गीतच बदला. पुरुषांना सोयीची पट्टी बायकांना खाली पडते आणि बायकांची पुरुषांना वर जाते, म्हणून ते दोघांना जमेल असा मध्य शोधत बसायचे. सूर धरून एकदा सगळ्यांकडून धृपद म्हणून घ्यायचे आणि ज्या ओळीला आवाज विरळ होई तिथे हात वर करायचे. सुरेल गाणारे चार जण आणि ऐकणारे दोनशे, ही त्यांच्या लेखी हरलेली उपासना होती. मीही आज हेच म्हणेन, आणि जोरात म्हणेन.

वसईचे आमचे एक कॅथलिक नातेवाईक काही वर्षं मेळ्याला यायचे. त्यांच्याकडचा इतिहास ते ओसरीवर सांगायचे. 1903 साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोलासारखी वाद्यं वर्ज्य ठरवली होती. साठ वर्षांनी, 1963 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान ठेवूनच मिशनच्या देशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीताला उपासनेचं दार उघडलं. लॅटिन ऐकत वाढलेला माणूस मराठी मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, पहिल्यांदा ऐकतो तेव्हा काय होतं, हे सांगताना त्यांचा आवाज कापायचा. तबला नको म्हणणारे आमच्या मंडळीचे एक वडीलजन त्यानंतर त्या विषयावर फारसे बोलले नाहीत.

दुसऱ्या अर्ध्या भागात पेटी निघायची आणि क्रम लागायचा. प्रवेशाला ज्या गीताने माणसं उठून उभी राहतील ते. पापांगीकाराआधी संथ, नुसत्या पेटीवर. क्षमेच्या वचनानंतर भजनी ठेका, टाळ, झांजा. उपदेशानंतर एकदम गाणं नको, थोडी शांतता, असं पाळकसाहेबांचं म्हणणं. प्रभुभोजनाला सगळ्यांना पाठ असलेलंच, कारण पुस्तक आणि भाकर दोन्ही हातात धरता येत नाहीत. आणि नाताळची गाणी नाताळला! आगमनकाळ वाट पाहण्याचा आहे, पहिल्याच रविवारी गोठ्यातलं बाळ आणू नका, यावर आत्या ठाम. पोरांचा हिरमोड व्हायचा, पण चार आठवडे थांबून ती गाणी आली की चर्चचं छप्पर उडेल असं वाटायचं.

आता ओसरी गेली, बैठक चर्चच्या खोलीत होते. पडद्यावर शब्द येतात, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आहे. वाद्यांची मला भीती वाटत नाही, एकशे पन्नासावं स्तोत्र त्यांनीच भरलेलं आहे. काळजी वाटते ती आवाज वाढवणाऱ्या बटणाची. स्पीकर इतका मोठा लागतो की शेजारच्याचं गाणं ऐकू येत नाही, आणि शेजारच्याचं ऐकू आलं नाही की माणूस स्वतःही गायचं थांबतो.

यंदा बैठक चालवायला पेटीमास्तरांची नात होती. तिने आधी शास्त्रभाग वाचायला लावला, मग सगळी गीतं चालीशिवाय. तरुणांनी आणलेलं एक नवं गीत त्या वाचनात टिकलं, ते प्रवेशाला घेतलं, फक्त पट्टी दोन सुरांनी उतरवून. पापांगीकाराला टिळकांचा अभंग, नुसत्या पेटीवर. ऑक्टोपॅड शेवटच्या गीताला, तोही स्पीकर निम्म्यावर ठेवून. तालमी येत्या बुधवारपासून आहेत, संध्याकाळी सातला, आणि ज्यांना गाता येत नाही असं वाटतं त्यांना तिने मुद्दाम बोलावलं आहे.