गॅलरीतले पिक्सेल लाइट: कंट्रोलर बॉक्समध्ये पाणी कुठून शिरतं

सध्याची जोडणी अशी: बाहेरच्या बॉक्समध्ये ईएसपी३२ (छोटा वाय-फाय बोर्ड), त्यावर डब्ल्यूएलईडी (लाइट चालवणारं सॉफ्टवेअर), १२ व्होल्टचे डब्ल्यूएस२८११ बुलेट पिक्सेल (प्रत्येकात रंगाची चिप असलेले छोटे एलईडी), ५ अँपिअरचा एसएमपीएस (१२ व्होल्टचा पॉवर सप्लाय). एसएमपीएस आता घरात, ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमागे (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). बाहेर जातात फक्त १२ व्होल्ट. जागा असेल तर हा बदल सगळ्यात आधी करा, बॉक्समधली निम्मी कटकट तिथेच संपते. ४ मीटर अंतराला १.५ चौरस मिमीची वायर घेतली, तर ३ अँपिअरला जेमतेम ०.३ व्होल्ट पडतात. डब्ल्यूएलईडीत करंटची मर्यादा ३००० मिलीअँपिअर लावली आहे, पण तो सॉफ्टवेअरचा नुसता हिशेब असतो, प्रत्यक्ष मोजमाप नाही. म्हणून एसएमपीएसच्या तोंडाशी ४ अँपिअरचा फ्यूज हवाच.

आता मुख्य मुद्दा. आयपी६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे रोखणाऱ्या) बॉक्सचं झाकण सहसा गळत नाही. लाइट चालू असताना आतली हवा तापते आणि थोडी बाहेर निसटते. सर आली की बॉक्स झटकन गार होतो, आतला दाब उतरतो आणि ग्लँडभोवती (केबल आत नेणारा, रबराने आवळणारा नट) साचलेलं पाणी आत ओढलं जातं. चहूबाजूंनी सिलिकॉन थापून हे थांबत नाही. उलट शिरलेलं पाणी आतच कोंडतं. त्यामुळे सगळे ग्लँड तळाला घ्या आणि तळालाच एम१२ ब्रीदर व्हेंट (हवा जाऊ देणारं, पाणी अडवणारं बूच) बसवा. व्हेंट मिळाला नाही तर सर्वांत खालच्या कोपऱ्यात ३ मिमीचं भोक पाडून आतून बारीक जाळी चिकटवा, नाहीतर मुंग्या बिऱ्हाड करतात. कागदावरचं आयपी६५ त्यामुळे जातं, बोर्ड मात्र कोरडा राहतो. अशा बॉक्समध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकू नका. पावसाळी हवेत त्या लगेच भरतात.

पीजी७ ग्लँड ३ ते ६.५ मिमीच्या गोल केबलसाठी असतो. त्यातून तीन सुट्या वायरी नेल्या तर रबर बाहेरून आवळतं, मधली फट तशीच राहते. तीन कोअरची गोल केबलच घ्या आणि ग्लँडच्या आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे केबलवरून येणारं पाणी तिथेच ठिबकतं.

एका दुखण्यावर झोळही चालत नाही. पिक्सेलकडचा जोड उघडा असेल, तर पाणी तारेच्या बारीक पदरांमधून, इन्सुलेशनच्या आतून चढत थेट टर्मिनलपर्यंत येतं. खूण सोपी: बॉक्स कोरडा, पण स्क्रूखालचं तांबं हिरवं. इलाज बॉक्समध्ये नाही, बाहेरच्या जोडावर आहे. तिथे आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह लावा आणि कडेने गोंद बाहेर येईपर्यंत तापवा.

सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते बोर्डाजवळ नको, तांबं खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं सिलिकॉन घ्या.

बोर्डावर अ‍ॅक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचे (ओलावा रोखणारा लेप) दोन पातळ हात पुरतात. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स पुसा. यूएसबी, बटण आणि टर्मिनलवर टेप लावा. (पहिलाच पिक्सेल लुकलुकत असेल तर पाण्याला दोष देण्याआधी डेटा लाइन बघा: ३.३ व्होल्टचा सिग्नल तोकडा पडतो, ७४एएचसीटी१२५ (सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी चिप) लागतो.)

चाचणी गरम बॉक्सवरच घ्या, थंड बॉक्स नेहमीच पास होतो. अर्धा तास सगळे पिक्सेल पूर्ण पांढरे, मग लाइट बंद करून लगेच १० मिनिटं नळीने पाणी. आत प्रत्येक ग्लँडखाली टिश्यू पेपरचा तुकडा ठेवलेला असावा. जो तुकडा भिजेल, तो ग्लँड बदला.