कॅमेऱ्यात दुखणं दिसतं का?

“मॅडम, त्या कॅमेऱ्यात आमच्या ब्रूनोचं नेमकं काय दुखतंय ते दिसेल ना?” ठाण्यात कुत्र्यांची फिजिओथेरपी करायला लागल्यापासून हा प्रश्न घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या मुलामुलींनी विचारलाय, नौपाड्यातल्या आजोबांनीही विचारलाय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: दुखणं नाही दिसत. दिसते ती उष्णता, आणि तीही फक्त कातडीवरची.

थर्मल कॅमेरा अंगातून बाहेर पडणारे अवरक्त किरण टिपतो, स्वतः काही सोडत नाही. त्यामुळे भूल नको, किरणोत्सर्ग नाही, कुत्र्याला दाबून धरणं नाही. सूज असेल तिथे रक्तप्रवाह वाढतो आणि कातडी तापते. उलट नस दबली असेल किंवा पाय बरेच दिवस वापरात नसेल, तर तो भाग गार दिसतो. म्हणून मी डावी-उजवी बाजू ताडून बघते. साधारण 1 अंशाचा फरक दिसला की तिथे हात जातो.

बोटांनी चाचपल्याशिवाय त्या चित्राला अर्थ नाही. लॅब्रेडॉर मागच्या गुडघ्याच्या लिगामेंटसाठी येतो आणि कॅमेऱ्यात पुढचा खांदा तापलेला निघतो, हे नेहमीचं. कुत्रा उभा असताना सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवरच असतं; मागचा पाय दुखला की तो आणखी भार पुढे ढकलतो. गुडघ्याच्या एक्स-रेत खांद्याच्या स्नायूचा हा ताण कुठून दिसणार? त्यात आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. कुत्रा दिवसभर त्यांच्यावर पाय आवळून चालतो. (थेरपीवर खर्च करणारी माणसं दोन रबरी मॅट टाकताना मात्र हॉलच्या शोभेचा विचार करतात!)

रंगांना घाबरू नका. लाल म्हणजे जखम नव्हे. कुठल्या तापमानाला कोणता रंग द्यायचा ते सॉफ्टवेअर ठरवतं. स्क्रीनवरचा तापमानाचा पट्टा अरुंद केला तर ठणठणीत कुत्राही पेटलेला दिसेल. महिन्यापूर्वीचा फोटो आणि आजचा एकाच पट्ट्यावर लावले तरच तुलना खरी. डोळे, काख, जांघ तशीही गरमच दिसतात आणि नाक बहुतेकदा गार. ऑपरेशनसाठी भादरलेला पाय केसाळ पायापेक्षा तापलेला दिसणारच. गोल्डन रिट्रीव्हरची दाट लव उष्णता अडवते. आपले आखूड केसांचे गावठी कुत्रे यासाठी उत्तम.

आल्या आल्या फोटो काढत नाही म्हणून काही जण वैतागतात. पण उन्हातून, पावसातून किंवा गाडीच्या सीटवर एका कुशीवर झोपून आलेल्या कुत्र्याच्या अंगावर त्या प्रवासाचंच चित्र असतं. खोलीत 15-20 मिनिटं तो निवांत राहायला हवा, एसीचा झोत अंगावर न घेता. त्या दिवशी आंघोळ नको, तेल-मलम नको, हार्नेस आल्यावर लगेच काढा. आणि लाड आवरा. तुमच्या तळहाताचा ठसाही स्क्रीनवर उमटतो.

येताना एक्स-रे आणा. शिवाय सकाळी तो झोपेतून उठतानाचा आणि चालतानाचा व्हिडिओ, बाजूने आणि मागून काढलेला. मागून काढलेला बहुतेक जण विसरतात.