साथ येऊन गेलेल्या टाकीत नवे मासे सोडताना

पांढऱ्या ठिपक्यांची, म्हणजे व्हाइट स्पॉट या परोपजीवी रोगाची, साथ आली आणि माझ्या टाकीतले निऑन टेट्रा एकामागून एक गेले. उरले फक्त तळाशी वावरणारे कोरीडोरास मासे. टाकी अशी ओकीबोकी दिसू लागली की हात शिवशिवतात, घरचेही “आता नवे मासे आण की” म्हणून मागे लागतात. पण मला आधी घोर होता तो वाचलेल्या जुन्या माशांचा.

व्हाइट स्पॉटमधून तगलेल्या माशांच्या अंगात बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती येते. ते ठणठणीत दिसतात, खातात-पितात, आणि तरीही कल्ल्यांमध्ये थोडेफार परोपजीवी बाळगून असू शकतात. अशा टाकीत प्रवासाने दमलेले मासे सोडले की साथ पुन्हा उसळते, आणि खापर मात्र नव्या माशांवर फुटतं. क्वारंटाइन म्हटलं की सगळे नव्यांपासून जुन्यांना वाचवायचं एवढंच बोलतात. माझ्या मते ही गोष्टीची एकच बाजू झाली.

टाकी रिकामी करून ब्लीचने धुऊन काढ, असाही सल्ला मिळाला. तो मी मानला नाही. माशांच्या क्षयाचा संशय असता, म्हणजे मासे खंगत चाललेत, कणा वाकडा झालाय, अंगावर व्रण आहेत, तर टाकी नक्की मोडली असती. तो जीवाणू, मायकोबॅक्टेरियम मरिनम, भलता चिवट असतो आणि हाताला जखम असेल तर माणसाच्या त्वचेतही शिरतो. व्हाइट स्पॉटच्या परोपजीवीला मात्र मासा मिळाला नाही तर तो संपतो.

आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे हा परोपजीवीच, तो त्वचेच्या आत बसलेला असतो, तिथे औषध पोचत नाही. वाढ पूर्ण झाली की तो गळून खडीवर, पानावर, काचेवर चिकटतो, भोवती कवच करतो आणि आतल्या आत विभागून शेकडो पिल्लं तयार करतो. ती बाहेर पडून मासा शोधत पोहतात आणि दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवर. २५ अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याभरात उरकतं. पाणी १० अंशांवर असेल तर महिनाही पुरत नाही. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी मी औषध थांबवलं नाही, आणखी दोन आठवडे चालू ठेवलं. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवला, नाहीतर औषध तोच शोषून घेतो. तापमान रोज थोडं थोडं वाढवलं आणि एअर पंप जोरात लावला, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

हीटर वाढवण्याआधी प्रत्येक माशाचं तोंड मात्र नीट बघून घेतलं. तोंडाभोवती कापसासारखं पांढरं दिसलं तर लोक बुरशी समजतात. पुष्कळदा तो कॉलमनॅरिस हा जीवाणूचा रोग असतो आणि उष्णतेने तो जास्तच भडकतो. “ठिपके दिसले की हीटर वाढवा” हा सरसकट सल्ला मला म्हणूनच आवडत नाही.

नव्या माशांसाठी प्लास्टिकचा मोठा टब घेतला. तळाला खडी नाही, लपायला पाइपचे तुकडे, हीटर आणि स्पंज फिल्टर. अडचण स्पंजची होती. माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू हवेत म्हणून स्पंज जुन्या टाकीतून आणायचा, तर त्याच्यासोबत तिथला परोपजीवीही येणार. मग स्पंज टबात लावला, पाणी २८ अंशांवर ठेवलं आणि मासे न सोडता काही आठवडे तसंच चालू दिलं. रोज चिमूटभर खाद्य टाकायचो. ते कुजून अमोनिया होतो, त्यावर जीवाणू जगतात, आणि परोपजीवीला मासाच मिळत नाही. नुसत्या पाण्यात खाद्य टाकताना बघून घरच्यांना माझी काळजी वाटली असावी.

मासे निवडताना आवडलेल्या माशाआधी त्याची अख्खी टाकी न्याहाळली. एक जरी मासा मेलेला, कोपऱ्यात धापा टाकणारा किंवा पर मिटून बसलेला दिसला तर त्या टाकीतलं काहीच घ्यायचं नाही. सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतंय का, हेही विचारलं. तसं असेल तर शेजारची टाकीही बघावी लागते. गप्पी घ्यायचे ठरले. पिशवीतलं पाणी टबात ओतलं नाही, मासे जाळीने उचलून घेतले.

टबात आल्याबरोबर सगळी औषधं टाकणारे लोक आहेत. मी काहीच टाकलं नाही. अर्धवट औषधाने रोग दबतो आणि दिसायचा तेव्हा दिसत नाही. शिवाय मिथिलीन ब्लूसारखं औषध फिल्टरचे जीवाणूच मारतं. टब मुख्य टाकीपासून लांब ठेवला, कारण बुडबुडे फुटून उडणाऱ्या तुषारांतूनही रोग जातो. जाळी, बादली, सायफन वेगळे, आणि काम आधी मुख्य टाकीचं, मग टबाचं.

बरेच दिवस सगळं छान होतं. मग एका संध्याकाळी टॉर्च लावून बघताना एका मादीच्या गुदद्वारातून दोऱ्याची तीन-चार लाल टोकं बाहेर आलेली दिसली. ती स्थिर राहिली की टोकं बाहेर, हलली की आत. कॅमॅलानस. गप्पींमध्ये हा गोलकृमी नेहमीचा. ही मादी खात होती, पोहत होती. थेट टाकीत गेली असती तर कुणाला शंकाही आली नसती.

जंताचं औषध म्हणून सहज हाती येतं ते प्राझिक्वांटेल, पण ते चपट्या कृमींवर चालतं, गोलकृमींवर नाही. इथे लेव्हामिसोल लागतं: लिटरला २ मिलिग्रॅम, २४ तास. उजेडाने ते निकामी होतं, म्हणून टबावर जाड कापड टाकलं. त्याने कृमी मरत नाहीत, लुळे पडून बाहेर येतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तळ सायफनने काढणं औषधाइतकंच गरजेचं, आणि उघडा तळ तिथे कामी आला. तीन आठवड्यांनी दुसरा डोस दिला.

तो झाल्यावर जुन्यातला एक कोरीडोरास टबात आणला. नव्यांनी काही लपवलं असेल तर तो आजारी पडेल, त्याने लपवलं असेल तर गप्पी. ही परीक्षा त्या कोरीडोरासवर थोडी अन्यायाची आहे, हे मला मान्य आहे. पण एक मासा धोक्यात घालणं मला सगळी टाकी धोक्यात घालण्यापेक्षा बरं वाटलं. दोन आठवड्यांत दोन्ही बाजूंनी काही निघालं नाही, तेव्हा सगळे एकत्र केले.

टबातला स्पंज फेकून दिला. पुढच्या वेळेसाठी नवा स्पंज मुख्य टाकीच्या फिल्टरमागे खोचून ठेवलाय. टब धुऊन कडकडीत वाळवला आणि आता त्यात नव्या वनस्पती ठेवल्यात, कारण पानाला चिकटून कवचातला परोपजीवी येऊ शकतो. मासे नाहीत, पाणी कोमट. गोगलगायी दिसल्या की वेचून काढतो. तीन-चार आठवड्यांनी वनस्पती टाकीत लावेन.